क्लबचं गाणं कुणावर होतं

आमच्या क्लबचं गाणं मी रचलं, हे मी आजवर दोनच माणसांना सांगितलं. एकाने विश्वास ठेवला नाही. दुसऱ्याला ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

क्लब म्हणजे फार मोठं प्रकरण नव्हतं. जयपूरला आम्ही राहत होतो त्या रेल्वे वसाहतीच्या मागे एक उघडं मैदान होतं. गवताचं पातं नाही, उन्हाळ्यात विटेसारखं कडक. वसाहतीतली आणि आजूबाजूच्या मोहल्ल्यांतली पोरं तिथे फुटबॉल खेळायची. शहरातल्या दहा-बारा क्लबांची दर वर्षी एक लीग व्हायची, एक कप व्हायचा. पेपरात चार ओळी आल्या तरी पुष्कळ. पण सामन्याच्या दिवशी तीन-चारशे माणसं मैदानाच्या कडेला उभी राहायची, आणि वसाहतीतल्या बायका-मुली पाण्याच्या टाकीच्या सावलीत चटया टाकून बसायच्या.

माझा भाऊ त्या क्लबचा गोलकीपर. माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा. घरात मी त्याला दादा म्हणायची. उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं की तोच भैया व्हायचा, कारण वसाहतीतल्या सगळ्याच मुली आपल्या भावाला भैया म्हणत आणि मला वेगळं दिसायचं नव्हतं. वडील मालगाडीवर गार्ड होते. वर्ध्याहून नागपूर आणि तिथून बदली होऊन जयपूर. घरात वर्ध्याची मराठी होती, पण आम्हा दोघांच्या तोंडी ती हिंदीत भिजून यायची. आई एकटीच ती जशीच्या तशी बोलायची.

मला गाण्याचा नाद होता. आदर्श नगरात एक वयस्कर बाई घरी शिकवायच्या, मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी. एवढ्या लांब मला एकटीला पाठवायला वडील तयार नव्हते. मग दादा मला सायकलवर डबलसीट न्यायचा, तास संपेपर्यंत बाईंच्या फाटकाबाहेर उभा राहायचा आणि परत आणायचा. असं त्याने वर्षभर केलं. बाई पहिले सहा महिने अलंकारांच्या पुढे सरकल्याच नाहीत. सारेग, रेगम, गमप. तेच चढायचं, तेच उतरायचं, कधी सावकाश, कधी भरभर. परतताना दादा पॅडल मारत तेच शीळ घालून वाजवायचा, आणि माझ्यापेक्षा सुरात वाजवायचा. मला राग यायचा. हसूही यायचं.

मग त्याला पहिल्या संघात घेतलं आणि सराव नेमका मंगळवार-शुक्रवारचा आला. एकदा जेवताना त्याने वडिलांना सांगितलं,

"बाबा, मला आता हिला न्यायला जमणार नाही."

"मग कसं करायचं?"

"बंद करा. तसंही तिचं काही खास चाललेलं नाही."

वडिलांनी माझ्याकडे बघितलंही नाही. "ठीक आहे," म्हणाले आणि आईकडे ताक मागितलं. माझा क्लास तिथे संपला. आईने नंतर स्वयंपाकघरात विचारलं, "काहून रडते गं? पुढच्या वर्षी पाहू." पुढच्या वर्षी काही पाहायचं नसतं, हे तेव्हासुद्धा मला कळत होतं.

त्याने ते वाईट मनाने म्हटलं नसावं. वर्षभर फाटकाबाहेर उभं राहून जे ऐकलं, तेच त्याने सांगितलं. ते खोटं असतं तर मला इतकं लागलं नसतं.

त्या वर्षी आमचा क्लब कपच्या उपांत्य सामन्यापर्यंत गेला. समोर शहरातल्याच सोडाला भागाचा क्लब होता. सामना बरोबरीत चालला होता. संपायला काही मिनिटं असताना त्यांच्या एका खेळाडूने मैदानाच्या मधूनच, नुसता पुढे ढकलावा तसा चेंडू मारला. त्यात जोर नव्हता. दादा आरामात पुढे आला, वाकला, आणि चेंडू कडक जमिनीवर टप्पा खाऊन त्याच्या हातांवरून उडाला. तो मागे झेपावला, हवेत पूर्ण आडवा झाला. तोवर चेंडू घरंगळत रेषेपलीकडे गेला होता. सोडाल्याची माणसं आधी हसली आणि मग ओरडली.

मी टाकीच्या सावलीत बसले होते. मला आनंद झाला. हे लिहायला मला बरीच वर्षं लागली, पण झाला होता.

घरी आल्यावर तो पायरीवर बसून राहिला. कोपर आणि गुडघे सोलून निघाले होते. आई हळद आणि तेल घेऊन आली तेव्हा त्याने हात पुढे केला. वडील ड्यूटीवरून यायचे होते. मी आत बसून ओठांतल्या ओठांत काहीतरी जुळवत होते. शब्द हिंदीत आले, कारण ते शब्द ज्यांच्यासाठी होते ते सगळे हिंदीच बोलत होते. चाल आयती होती.

आओ जी आओ, दरवाज़ा खुला है,
कुंडी लगाना तो भैया भूला है,
गेंद गई अंदर, वो हवा में झूला है,
आओ जी आओ, दरवाज़ा खुला है.

या, घर उघडं आहे, भाऊ कडी लावायला विसरलाय. एवढंच. दुसऱ्या दिवशी दुपारी गच्चीवर पापड वाळत घालताना मी ते वसाहतीतल्या तीन मुलींना म्हणून दाखवलं. त्या इतक्या हसल्या की एकीच्या हातातलं ताट पडलं. मला वर्षभरात गाण्यासाठी मिळालेली ती पहिली शाबासकी. मी त्यांच्याकडून ते चार वेळा म्हणून घेतलं आणि चाल पक्की बसवली. बाई मला जशा चुकले की थांबवायच्या तशी मी त्यांना थांबवत होते.

"किसी को बोलना मत," असं मी शेवटी म्हटलं. हे वाक्य कशासाठी म्हणतात ते सगळ्यांना ठाऊक असतं.

त्यातल्या एकीची मावशी सोडाल्याला राहायची.

दोनेक महिन्यांनी लीगमध्ये पुन्हा सोडाल्याशी सामना आला, आमच्याच मैदानावर. त्यांची माणसं टेंपो भरून आली होती. थाळ्या होत्या, एक ढोलकी होती. संघ मैदानात उतरले, दादा गोलपोस्टकडे चालत निघाला आणि त्या बाजूने गाणं सुरू झालं. आओ जी आओ. शंभर-दीडशे माणसं थाळ्या वाजवून एका चालीत म्हणत होती. शब्द सगळे शाबूत होते, भैयासुद्धा. जयपुरात भाजीवाल्यापासून बसच्या ड्रायव्हरपर्यंत कोणीही भैया असतो. कोणाचा भैया, हे विचारायचं कोणालाच कारण नव्हतं.

गाणं म्हटलं जाताना कसं वाटतं याची मी हजार स्वप्नं पाहिली असतील, पण इतक्या लोकांच्या तोंडून ते ऐकताना मी नुसती चटईची कड उसवत होते. पहिल्यांदा दादाने तिकडे बघितलंही नाही. दुसऱ्यांदा चाल वर चढली तेव्हा तो थांबला. मान वळवून त्याने पाण्याच्या टाकीकडे बघितलं. एकदाच. त्या अंतरावरून त्याला माझा चेहरा नीट दिसला नसेल, पण मी कुठे बसते ते त्याला माहीत होतं.

सामना तो चांगला खेळला. त्याच्या आयुष्यातला तो सगळ्यात चांगला सामना असं अजूनही लोक म्हणतात. आमचा एक गोल झाला. शेवटी-शेवटी सोडाल्याला पेनल्टी मिळाली. मागच्या वेळी गोल करणाराच पुढे आला. सोडाल्याची माणसं पुन्हा गायला लागली, आता अगदी हळू, लाडात बोलावल्यासारखी. त्याने मारलं आणि दादाने डावीकडे झेप घेऊन चेंडू धरला. नुसता अडवला नाही, छातीशी धरला.

आमच्याकडे एक निवृत्त रंगारी होता, रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये डबे रंगवलेला. प्रत्येक सामन्याला गळ्यात ढोल अडकवून यायचा. त्याने ढोलावर थाप मारली आणि सोडाल्याच्या त्या खेळाडूकडे हात करून, वाकून, लग्नघरच्या यजमानासारखं गायला सुरुवात केली, "आओ जी आओ, दरवाज़ा खुला है." दोन ओळींत आमची सगळी बाजू त्याच्यामागे होती. सोडाल्याची माणसं गप्प झाली. आपलंच गाणं आपल्या तोंडावर मारल्यावर म्हणायला दुसरं काही त्यांच्याकडे नव्हतं.

फुटबॉलची गाणी कशी जन्मतात यावर पुढे मी थोडंफार वाचलं. कुठे जुनं नाटकातलं गाणं असतं, कुठे प्रार्थना असते, आणि कितीतरी ठिकाणी शत्रूने दिलेली शिवीच मिरवली जाते. लोक याला मोठेपणा म्हणतात. शिवी उचलून मुकुटासारखी घालायची. त्यात फक्त एक गोष्ट सुटते. शिवी दिलेली असते एकाला, आणि मुकुट घालतात बाकीचे.

सामना संपल्यावर दादाला खांद्यावर उचललं. सगळं मैदान फिरवलं, तेच गाणं म्हणत. टाकीजवळून नेलं तेव्हा बायका टाळ्या वाजवत होत्या. मीही वाजवत होते. तो सगळ्यांच्या डोक्यांवरून समोर बघत होता, बसमध्ये उभा राहून प्रवास करणाऱ्या माणसासारखा.

घरी आईने शिरा केला होता. वडील घरी होते. त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला, जे ते सहसा करत नसत. जेवणं झाल्यावर आम्ही दोघंच ओट्याशी भांडी आवरत होतो. मी म्हटलं, "दादा, काय अडवलीस रे पेनल्टी."

तो म्हणाला, "आदर्श नगरची चाल होती ना?"

"कसली चाल?"

"त्या गाण्याची."

"मला काय माहीत. सोडाल्याच्या लोकांनी केलंय ते."

त्याने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता ओरडेल, कदाचित हात उगारेल. तसं झालं असतं तर सगळं तिथेच मिटलं असतं. तो म्हणाला, "बरं," आणि धुतलेली ताटं फळीवर लावली.

तेव्हापासून त्याचं माझ्याशी वागणं सभ्य झालं. भांडण नाही, अबोला नाही. काही विचारलं की उत्तर द्यायचा. माझ्या शाळेची फी स्वतः जाऊन भरून यायचा. चिडवणं मात्र संपलं, आणि शीळही.

पुढची दोन वर्षं प्रत्येक सामन्याला तो गोलपोस्टकडे चालत जायचा तेव्हा आमचीच माणसं प्रेमाने ते गायची. लग्नाच्या वरातीत बँडवाल्यांना ते वाजवायला लावायचे. लहान पोरं त्याला रस्त्यात बघून सुरू व्हायची. एकदा त्याने क्लबच्या सेक्रेटरींना विचारलं की हे बंद करता येईल का. ते आमच्या घरी चहाला आले होते, माझ्यासमोरच बोलणं झालं.

"अरे बेटा, बंद क्यों?" ते म्हणाले. "ये तो तेरा गाना है. तेरे लिए गाते हैं."

"मुझे अच्छा नहीं लगता, अंकलजी."

"शरमाता है," ते वडिलांना म्हणाले, आणि दोघंही कौतुकाने हसले.

मी चहाचा ट्रे उचलून आत गेले. तेव्हाही बोलता आलं असतं.

वडिलांच्या मनात एकच होतं. खेळाडूंच्या कोट्यातून दादाला रेल्वेत नोकरी लागावी. त्यासाठी निवड चाचणी होती. वडिलांनी रजा घेतली, वसाहतीतली पंधरा-वीस माणसं धीर द्यायला गेली, रंगारी ढोल घेऊन गेला. मी गेले नव्हते. वडिलांनी सांगितलं तेवढंच मला माहीत आहे. दादा मैदानात उतरला आणि आपल्या लोकांनी गाणं धरलं. चाचणी घेणाऱ्यांपैकी एकाने हसत विचारलं, "अच्छा, वो दरवाज़े वाले तुम हो?" त्याने हो म्हटलं. पहिलाच साधा चेंडू त्याच्या हातून सुटला. त्यानंतर त्याने बरेच अडवले, पण दुसरा एक मुलगा होता, त्याच्याहून उंच, आणि खरंच चांगला. वडील हे पुन्हा पुन्हा सांगायचे, की तो मुलगा खरंच चांगला होता. मला आजही ठरवता येत नाही की त्यांना ते तसं वाटत होतं, की त्यांनाही कुठेतरी काही कळलं होतं आणि ते मला सांभाळून घेत होते.

एकविसाव्या वर्षी दादाने खेळ सोडला. जयपूरजवळच्या बगरूला कापडछपाईच्या एका कारखान्यात तो कामाला लागला, आधी मालाची नोंद ठेवायला, मग देखरेखीला. तिथेच खोली घेतली, तिथेच संसार केला. वहिनी अजमेरची, आमच्यासारख्याच रेल्वेवाल्या मराठी घरातली. मराठी सगळी कळते, बोलते हिंदीच. वडील निवृत्त झाले आणि वर्ध्याला न जाता जयपुरातच राहिले, कारण दोन्ही मुलं इथेच होती. मी बीएड करून सोडाल्याच्या एका शाळेत हिंदी शिकवायला लागले. माझ्या वर्गातली पोरं मधल्या सुट्टीत ते गाणं म्हणतात. आता ते एकट्या आमच्या क्लबचं राहिलेलं नाही, पण आमचा क्लब ते आपलंच मानतो.

त्या पेनल्टीला सहा वर्षं होत आली तेव्हा क्लबला पंचवीस वर्षं होणार होती. समितीने स्मरणिका काढायचं ठरवलं. त्याआधी एका स्थानिक पेपरात सेक्रेटरींची मुलाखत आली. शाळेच्या स्टाफरूममध्ये मी ती वाचली. त्यांनी सांगितलं होतं की हे गीत जयपूरच्या जुन्या शहराच्या वेशींवरून सुचलेलं आहे. आमच्या शहराचे दरवाजे पाहुण्यांसाठी कायम उघडे असतात, तीच भावना समर्थकांनी शब्दांत मांडली. सोबत गाणं छापलं होतं. दुसरी ओळ बदललेली होती: कुंडी लगाना ये शहर भूला है. हवेत झुलणारा कोणी उरलाच नव्हता. त्या जागी दिल अपना झूला है, असं काहीतरी होतं.

मला संताप आला. कशाचा, ते तेव्हा मी स्वतःला विचारलं नाही. वाटलं, इतकी वर्षं मी एक पाप पोटात घेऊन फिरते आहे आणि यांनी त्याची पर्यटन खात्याची जाहिरात करून टाकली. शाळा सुटल्यावर मी थेट क्लबच्या खोलीवर गेले. सेक्रेटरी आता म्हातारे झाले होते, पण मला ओळखलं. मी सगळं सांगितलं. पापड, गच्ची, मैत्रिणीची मावशी, अलंकार. चाल म्हणूनही दाखवली.

ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "बेटी, बुरा मत मानना. इस गाने के लिए मेरे पास तुमसे पहले चार लोग आ चुके हैं. सब कहते हैं, मैंने बनाया."

"पर मैं झूठ क्यों बोलूँ? वो मेरे ही भाई पर था."

"वही तो," ते म्हणाले. "अपने भाई पर कोई ऐसा गाना बनाता है क्या?"

त्यांनी माझ्यासाठी चहा मागवला. मी न पिता उठले.

रविवारी मी बगरूला गेले. कारखान्यामागच्या मोकळ्या जागेत छापलेल्या कापडाची थानं जमिनीवर उन्हात पसरली होती, आणि दादा त्यांच्या मधून वाट काढत माणसांना सूचना देत होता. त्याच्या बोटांची नखं काळीनिळी झाली होती. मला बघून तो म्हणाला, "आई बरी आहे ना?" मी अशी न सांगता कधी जात नव्हते.

"आई बरी आहे. मला तुझ्याशी बोलायचंय."

आम्ही भिंतीच्या सावलीत उभे राहिलो. मी मुलाखतीचं सांगितलं. मी सेक्रेटरींकडे गेले होते तेही सांगितलं, जरा फुशारकीनेच, जणू त्याच्यासाठी एखादी लढाई लढून आले होते. तो ऐकत असताना त्याचा चेहरा बदलत गेला. सहा वर्षांत मी त्याला पहिल्यांदा रागावलेलं बघत होते.

"काय सांगितलंस त्यांना?"

"खरं ते. की मी केलंय. तुझ्यावर केलंय."

"तुला नाव पाहिजे होतं का?"

"नाव कशाला? खरं काय ते कळायला नको?"

"कोणाला?" तो म्हणाला. "मला माहीत आहे. तुला माहीत आहे. आणखी कोणाला सांगायचं राहिलं? लोक विसरलेत ते माझ्यावर होतं म्हणून. त्यांना ती पेनल्टी आठवते. तो म्हातारा शहराच्या वेशी म्हणतो ना, म्हणू दे. माझ्यासाठी यापेक्षा चांगलं कोणी काही केलेलं नाही. आणि तू ते पुसायला निघालीस."

मी इतक्या वर्षांत कबुलीचा विचार केला होता तो असा, की मी बोलेन आणि माझं ओझं उतरेल. ते उतरून कुणाच्या अंगावर पडेल, हा विचार मी केला नव्हता. पंधराव्या वर्षी केला नव्हता आणि एकविसाव्या वर्षीही नाही.

"माझं चुकलं, दादा," मी म्हटलं. "तेव्हाही, आताही. मला माफ कर."

"करतो," तो म्हणाला. "करून काय होणार? गाणं काही बंद पडणार नाही."

मग त्याने घरी नेलं. वहिनीने कढी-भात वाढला. दादाची मुलगी तेव्हा जेमतेम बोलायला लागली होती. वहिनीने तिला माझ्यासमोर उभं केलं आणि म्हणाली, "बुआ को पापा का गाना सुनाओ." पोरीने हात हलवत बोबडं सुरू केलं, आओ जी आओ. वहिनीने तिला ते जुन्या शब्दांत शिकवलं होतं, वरातीत ऐकलेल्या. भैया भूला है. वहिनीला काहीच ठाऊक नव्हतं. दादा भाताकडे बघत जेवत राहिला आणि मुलीचं झाल्यावर म्हणाला, "शाबास."

पंचविशीचा समारंभ त्याच मैदानावर झाला, रविवारी सकाळी. मांडव, खुर्च्या, जुन्या खेळाडूंचा सत्कार. दादाला बोलावलं होतं. तो येणार नाही असं मला वाटत होतं, पण न येण्याला कारण द्यावं लागलं असतं. तो इस्त्रीचा शर्ट घालून आला, वहिनीला आणि मुलीला घेऊन. वडील पहिल्या रांगेत बसले होते. त्याच्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला, आणि सेक्रेटरींनी माईकवरून सांगितलं की ज्याच्या एका बचावाने या गीताला आवाज दिला तो हा खेळाडू. मग सगळ्यांना उभं राहून गायला सांगितलं. रंगारी वारला होता. त्याच्या जागी शाळेचं बँडपथक होतं.

मी आई आणि वहिनीच्या मध्ये उभी होते. चारी बाजूंनी लोक गात होते. काही नवे शब्द म्हणत होते, बरेचसे जुने. आई, जिला हिंदी गाणं कधी धड म्हणता आलं नाही, तीसुद्धा टाळ्या वाजवत म्हणत होती. तिने मला कोपराने ढोसलं. "म्हण की. काहून गप्प उभी आहेस? भावाचा मान होऊन राहिला अन् तू अशी."

मी म्हटलं. चारही ओळी म्हटल्या. न म्हणणं म्हणजे पुन्हा सगळ्यांना सांगण्यासारखं झालं असतं. स्टेजवर दादा हात जोडून उभा होता आणि हसत होता. ते हसू इतकं बेमालूम होतं की मला ठाऊक नसतं तर मीही फसले असते.

त्याला दोन शब्द बोलायला सांगितलं. तो माईकशी आला आणि म्हणाला, "गाना अच्छा है. आप सब गाते रहिए." टाळ्या झाल्या. मांडवाबाहेर जेवण होतं, पुरी-भाजी आणि बुंदी. त्याने वडिलांना ताट आणून दिलं, मग आईला, मग मला.

आता मी हे मराठीत लिहिते आहे, कारण त्या मैदानावरचं कोणी मराठी वाचत नाही. वडील वाचायचे, ते आता नाहीत. आईला डोळ्यांनी दिसत नाही. दादा अजून वाचतो, हळूहळू, शब्द जुळवत. लिहायच्या आधी मी त्याला विचारलं नाही. सवय जात नाही माझी. हे छापून आलं तर त्याला दाखवायचं की नाही, ते मी अजून ठरवलेलं नाही. दाखवलं तर तो वाचेल, घडी घालून परत देईल आणि आईच्या औषधांचं विचारेल.